पेला, पाय आणि पांढरी पाच

कॅप्टन काकांनी माझं विमान पहिल्यांदा उडवलं तेव्हा त्यांच्या डाव्या हातात चहाचा पेला होता. पीत नव्हते. नुसता घट्ट धरून ठेवला होता आणि नजर स्क्रीनवरच्या धावपट्टीवर. मला वाटलं, वय झालंय, आधाराला धरला असेल. विमान वेग घेत होतं आणि योकला, म्हणजे विमान वळवायच्या स्टिअरिंगला, कुणाचाच हात नव्हता. मी "काका, योक..." म्हणणार तेवढ्यात ते स्वतःशीच "सेव्हन्टी" म्हणाले, पेला सोडला आणि तो हात योकवर आला. चहा सांडला नाही.

त्या पेल्याचा अर्थ कळायला मला दीड महिना लागला.

मी वेंगुर्ल्याचा. दिवसा पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरातून करतो आणि रात्री विमान बनवतो. म्हणजे संगणकावरच्या सिम्युलेटरसाठी, दुसऱ्या कुणालाही उडवता येईल असं. एटीआर 72 निवडलं त्याचं कारण सरळ आहे. 9 ऑक्टोबर 2021 ला चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून पहिलं प्रवासी विमान आलं ते एटीआर 72-600. त्या दिवशी परुळ्याच्या बाजूला लोक माना वर करून उभे होते, त्यात मीही होतो. दोन पंखे, पंख वरच्या अंगाला, उतरताना नाक किंचित खाली. घरी आलो आणि फ्लाइटगिअर नावाचं सिम्युलेटर उतरवून घेतलं. ते फुकट आहे, पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट अशी की त्यात सगळं उघडं असतं. विमान कसं उडणार हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलं असतं: पंख वाऱ्याला इतक्या कोनात असेल तर इतकी उचल, सुकाणू इतकं वळवलं तर इतका पीळ. आकड्यांची कोष्टकं. संगणक सेकंदाला शंभरावर वेळा ती वाचतो आणि त्यातून 'उडणं' तयार होतं.

ही कोष्टकं खऱ्या विमानाची कोण देणार? ती कारखान्याच्या तिजोरीत. बाहेर मिळतं ते एवढंच: पंखांचं क्षेत्रफळ 61 चौरस मीटर, पंख्याचा व्यास 3.93 मीटर, उड्डाणाचं कमाल वजन 23 टनांच्या घरात. बाकी अंदाज, थोडं गणित, थोडी दुसऱ्याच्या विमानातून उचललेली कोष्टकं. वर्षभर खपून मी पुस्तकातला वेग, चढण्याचा दर, धावपट्टीवर लागणारं अंतर, सगळं जुळवलं. मला वाटलं, झालं.

कॅप्टन काका आमच्या बाबांच्या भजनी मंडळात झांज वाजवायला येतात. वाईट वाजवतात, पण नेमाने येतात. हयात विमानं उडवण्यात गेली, त्यातली कितीतरी वर्षं एटीआरवर. चिपी सुरू व्हायच्या आधीच निवृत्त होऊन गावच्या घरी राहायला आले. देशभरच्या गावी उतरले, आपल्या गावी उतरायचं राहिलं. हे ते कधी बोलून दाखवत नाहीत, पण दुपारचं विमान येताना झांज थांबते हे मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. कंपनीचे कागद मागायचे नाहीत. आणि ह्यावर कोणी विमान शिकायला जाऊ नये, असं ठळक लिहायचं. दोन्ही कबूल केल्या.

पहिल्या संध्याकाळी उड्डाण झालं, वर गेलो, त्यांनी पॉवर लिव्हर मागेपुढे करून पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"रे झिला, ही काय लुना आसा?"

मी लिव्हर पुढे केला की आवाज चढेल, मागे घेतला की उतरेल असं केलं होतं. मोटरसायकलचं तसंच असतं. टर्बोप्रॉपचं, म्हणजे एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाचं, नसतं. पंख्याचे फेरे ठरलेले असतात आणि ताकद वाढवली की पाती आपला कोन बदलून हवेचा मोठा घास घेतात. सूर तोच राहतो, फक्त भरीव होतो. सूर बदलतो तो एकदाच, ठसठशीत: उड्डाणाला पंखा 100 टक्के फिरतो आणि चढाईला लागल्यावर 82 टक्क्यांवर येतो. "त्या वेळी प्रवाशांना वाटतं इंजिन बसलं," काका म्हणाले. "खिडकीजवळचे सगळे बाहेर बघायला लागतात."

मग मी बसून हिशोब केला. 100 टक्के म्हणजे मिनिटाला 1200 फेरे, सेकंदाला 20. पाती 6. म्हणजे कानावर सेकंदाला 120 थापा. 82 टक्क्यांवर 98 च्या जरा वर. दोन्ही आवाज तयार केले, पण कानाला बरोबर वाटतात का ते कळेना. बाबा पेटी घेऊन बसले होते, त्यांना ऐकवलं. खालचा आवाज त्यांनी लगेच धरला, सप्तक सोडून दे म्हणाले, पण ही पांढरी पाच. वरच्या आवाजाला मात्र बोटं अडखळली. काळी पाच दाबली, थोडा खाली. पांढरी सात दाबली, थोडा वर.

"ह्यो सूर पेटीत नाय."

नंतर मी गणिताने पाहिलं तर अगदी खरं होतं. पांढरी पाचला सा धरला तर उड्डाणाचा सूर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या बरोबर मधे पडतो. बाबांना त्याच ओघात सांगितलं, की विमान चालवायला शिकवणारं पहिलं नावाजलेलं यंत्र एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने 1929 साली केलं. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गनचा कारखाना होता, आणि त्या खोट्या विमानाला डुलवायला त्याने ऑर्गनचेच भाते लावले होते. 1934 साली अमेरिकन लष्कराने तसली 6 यंत्रं घेतली. बाबांनी भाता सोडला नाही, पण पहिल्यांदा स्क्रीनकडे नीट पाहिलं. "म्हणजे पेटीवाल्याचो झील!" त्या दिवसापासून घरात माझ्या रात्रीच्या उद्योगाला मान आहे.

आवाज सोपा निघाला. पुढे मात्र गाडी अडली. काका उडवायचे, उतरवायचे आणि म्हणायचे, "बरा आसा. पण ह्या ता नाय." काय नाही, ते सांगता येत नसे. मी प्रश्नांची वहीच केली होती: वळताना कमी वाटतं का, जास्त वाटतं का, किती टक्के? ते विचार करून उत्तर द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात उलटं उत्तर द्यायचे. त्यांचं चुकत होतं असं नाही. जे माणसाने हजारो तास न बोलता केलं ते त्याला शब्दांत विचारणं हाच मुळात माझा अडाणीपणा होता. आईला विचारून बघा सोलकढीत मीठ किती ग्रॅम.

उलगडा झाला तो यूपीएसमुळे. पावसाचे दिवस, लाईटचा खेळ चालू, आणि यूपीएसची पिन सैल. काका उड्डाण करत असताना मी पिन दाबायला टेबलाखाली वाकलो. समोर त्यांचे पाय. चपला काढून ठेवलेल्या. वर त्यांनी पॉवर लिव्हर पुढे सारले आणि इकडे उजव्या पायाचा चवडा फरशीत रुतला. बोटं पांढरी पडली, घोट्याची शीर वर आली. तो पाय तसाच दाबलेला. वर गेल्यावर ताकद कमी केली, तसा उजवा सैल पडला आणि डावा पुढे सरकला, फरशीवर दोन बोटं तरी. टेबलाखाली पेडल नव्हते. माझ्याकडे पेडलच नव्हते, कारण माझ्या विमानाला पायाची गरज कधी पडलीच नव्हती.

"काका, पाय का दाबताय?"

"खंयचो पाय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं.

एटीआरचे दोन्ही पंखे एकाच दिशेला फिरतात, मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे. म्हणून ताकद वाढली की नाक डावीकडे ओढ घेतं आणि उजवा पाय लागतो. ताकद कमी केली की उलटं. मग ट्रिम लावून, म्हणजे पाय न दाबता सुकाणू तसंच राहील असं करून, ती ओढ काढायची, वेग बदलला की परत काढायची. एटीआरवाल्यांचा दिवस त्यातच जातो. हे मी वाचलेलं होतं. मग माझं विमान सुतासारखं सरळ का जातं? त्या रात्री फाईल उघडली. दोन्ही पंख्यांसाठी दोन नोंदी, त्यांत फिरण्याच्या दिशेची एकेक ओळ. उजव्याला 1. डाव्याला -1. हा सांगाडा मी दुसऱ्या कुणाच्या दोन इंजिनी विमानातून घेतला होता, त्याचे पंखे उलटसुलट फिरणारे होते. एकाची ओढ दुसरा खाऊन टाकत होता. वर्षभर ती उणे खूण माझ्या डोळ्यांसमोर होती.

उणे पुसलं. दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेलो आणि फणसाच्या फळीचे दोन पेडल करून घेतले, खाली जुन्या जॉयस्टिकचे सुटे भाग. काका बसले, लिव्हर पुढे केले, नाक डावीकडे गेलं, उजव्या पायाने ते जागेवर आणलं. काही बोलले नाहीत. वर गेल्यावर एकदाच "हां" म्हणाले, घशातून.

त्या दिवसापासून प्रश्नांची वही बंद झाली. मोबाईल दोन ठेवले. एक हातांवर, एक टेबलाखाली पायांवर. शिवाय सिम्युलेटर स्वतः वेग, उंची, कोन सगळ्याची नोंद फाईलीत लिहीत जातो. रात्री तिन्ही शेजारी लावून बघायचो. हात किंवा पाय हलला, पण विमानाला त्याची गरज नव्हती, तिथे माझी चूक. विमान कुठेतरी सरकलं आणि त्यांचा हात उशिरा गेला, तिथेही बहुधा माझीच. त्या व्हिडिओंतच पेल्याचं कोडं सुटलं. एटीआरमध्ये पुढचं चाक वळवायची छोटी मूठ असते ती कॅप्टनच्या डाव्या हाताला, खाली. उड्डाणाच्या सुरुवातीला वारा कमी असतो, शेपटीचं सुकाणू पुरेसं धरत नाही, म्हणून कॅप्टन ती मूठ धरून विमान सरळ ठेवतो आणि योक तेवढा वेळ सहवैमानिक सांभाळतो. वेग 70 नॉट झाला की पुकारा होतो, कॅप्टन मूठ सोडून योक घेतो. उतरल्यावर 70 च्या खाली आलं की उलट क्रम. माझ्या टेबलावर मूठ नव्हती. त्या जागी आई चहा ठेवायची. आणि योक सांभाळायला सहवैमानिक म्हणून मी होतो, हातावर हात ठेवून बसलेला.

उतरणं हे प्रकरण सगळ्यात चिवट. माझं विमान धावपट्टीवर आलं, ताकद पूर्ण काढली, की टेकायचं नाव घेत नसे. पतंगासारखं पुढे पुढे. "ह्या उतरना नाय, ह्या तरंगता." खऱ्या विमानात ताकद काढली की पात्यांचा कोन लहान होतो, आणि जवळजवळ 13 फूट व्यासाची ती पंख्यांची दोन चक्रं वाऱ्यापुढे ताटासारखी आडवी येतात. नुसता जोर जात नाही, ब्रेक लागल्यासारखं होतं. म्हणून जमिनीच्या बरंच वर असताना कोणी हिसक्याने लिव्हर मागे घेतला तर विमान धप्पकन बसतं. माझ्या कोष्टकात त्या कोपऱ्यातले आकडे उणे असायला हवे होते, आणि मी तिथे शून्यं भरून ठेवली होती. उणे जोर म्हणजे काहीतरी चुकलंय, असं वाटून. पहिल्यांदा उणे भरले ते भसाभस. काकांनी लिव्हर मागे घेतला मात्र.

"आता नारळ पडलो."

मग अकरा वेळा. थोडं कमी, थोडं जास्त. काका आकडा कधीच सांगत नसत. "अजून", "पुरे", "काल बरा होता". आठव्या खेपेला मी त्यांना न सांगता कालचीच फाईल लावली आणि ते म्हणाले, "आज काय केलंस? बिघडवलंस." तेव्हा कळलं की त्यांच्या तोंडावर किती भरवसा ठेवायचा आणि हातावर किती. हात मात्र दोन्ही दिवशी सारखाच चालला होता, व्हिडिओत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. विमान कंपन्या वैमानिकांना शिकवायला जे कोट्यवधींचे सिम्युलेटर वापरतात त्यांचंही, वाचल्यावर कळलं, काहीसं असंच असतं. खऱ्या विमानाच्या चाचणी उड्डाणांतले आकडे आणि यंत्राचे आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळले पाहिजेत, हे तर आहेच. पण ते जुळल्यावरही वैमानिकाला आत बसवून विचारतात. मला बरं वाटलं. मी एकटाच वेडा नाही.

गणपतीला गाव भरतं. तसंच वाडीतली एक मुलगी आली, नोकरीत सहवैमानिक, 72-600 वर. ती काकांना 'सर' म्हणते, काका तिला 'बाय'. आरती झाल्यावर दोघांना एकापाठोपाठ बसवलं, आणि मजा सुरू झाली. काका म्हणाले, आडवं वळवायला विमान फार हलकं झालंय, खरं जड असतं, दोन हात लागतात. ती म्हणाली, इतकंही जड नसतं, सर. काका म्हणाले, टॉर्कची, म्हणजे इंजिनचा पीळ दाखवणारी, सुई जरा लटपटायला हवी. ती हसली. "स्क्रीनवरची सुई लटपटत नाही, सर. ती तुमच्या जुन्या विमानातली." काकांची बहुतेक वर्षं काट्यांच्या विमानात गेली होती, पडद्यांच्या 600 वर शेवटची थोडीच. सुईचा निकाल मी तिच्या बाजूने दिला, कारण मी बनवतोय ते 600 आहे. काका थोडे फुगले. मोदक खाल्ल्यावर उतरले.

जडपणाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही आणि माझ्या मते लागणारही नाही. एटीआरचे पंखांच्या टोकाचे पत्रे वैमानिक आपल्या हाताच्या जोराने हलवतो, तारा आणि कप्प्यांतून. वेग वाढला की हाताला वारा लागतो. माझ्या टेबलावर आहे प्लास्टिकचा योक, आत एक स्प्रिंग, विमान 100 नॉटवर असो की 200 वर, स्प्रिंगला पत्ता नाही. मग मी लबाडी केली. विमानाचा वळायचा वेगच थोडा मंद केला, म्हणजे माणूस आपोआप योक जास्त फिरवतो आणि त्याला ते 'जड' वाटतं. आकड्यांच्या हिशोबाने हे चूक आहे. ती म्हणाली, "हो, असंच." काका म्हणाले, "हां, आता कसा!" दोघांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट, आणि ती खोटी. फाईलीत त्या ओळीशेजारी मी 'लबाडी' असं लिहून ठेवलंय, पुढे कुणी दुरुस्त करायला जाऊ नये म्हणून.

बारीकसारीक बरंच झालं. डोळ्यांची उंची चुकलेली होती, काका सारखी मान वर करत. सीट वर घेतली, मान बसली. थांबल्यावर एक पंखा बंद आणि इंजिन चालू, हे एटीआरचं खास दृश्य आहे. छोटं वेगळं इंजिन नसल्यामुळे उजव्याचा पंखा ब्रेक लावून धरतात आणि त्याच इंजिनावर दिवे नि गारवा चालतो. ते करायला एक रविवार गेला.

शेवटी चिपी. माझ्या सिम्युलेटरच्या नकाशात तिथे नुसता मोकळा सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, होता, विमानतळ मीच बसवला: 2500 मीटरची धावपट्टी, पूर्व-पश्चिम. काकांना सांगितलं नव्हतं. नवरात्रात एका दुपारी त्यांना बसवलं, समुद्रावर ठेवलं आणि म्हटलं, उतरा. थोडा वेळ खाली किनारा बघत राहिले. मग विचारलं, "वारो?" मी म्हटलं, 240 अंशांवरून 20 नॉट. धावपट्टी 27, म्हणजे तोंड पश्चिमेला, 270 अंशांवर. त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला, "आडवो दहा," आणि समुद्राकडून वळसा घालून विमान पूर्वेच्या अंगाला नेलं.

उतरताना ते एकदाही बोलले नाहीत. नाक किंचित वाऱ्याकडे, डावीकडे. सड्याची कड आली तेव्हा उजवा हात लिव्हरवर नुसता इंचभर पुढे गेला आणि परत आला. तिथे मी काहीच घातलेलं नव्हतं, वर येणारी हवा नाही, खड्डा नाही. हात मात्र गेला. मी वहीत टिपून घेतलं. जांभा दुपारी तापतो, कडेला हवा हलणारच, तेही आता घालायचं आहे. मग नाक सरळ, डावा पंख थोडा खाली, चाकं टेकली. धप्पकन नाही, तरंगतही नाही.

आई दारात उभी होती. "कॅप्टनानू, चाय थंड जाता."

विमान मंद होत होतं. 90, 80. मी या खेपेला तयारीत होतो, दोन्ही हात योकच्या दिशेने. मूठसुद्धा केली होती, जुन्या शिलाई मशीनच्या हँडलची, टेबलाला डाव्या बाजूला स्क्रूने पक्की बसवलेली, आतून तार जोडलेली. चार दिवस खपलो होतो तिच्यावर. काकांनी "सेव्हन्टी" म्हटलं, योक माझ्याकडे दिला, डावा हात खाली गेला, नव्या मुठीला लागला, थांबला. त्यांनी धावपट्टीवरची नजर न काढता टेबलावर हात इकडेतिकडे फिरवला.

"पेलो खंय?"